भिंतीकडे तोंड करून

१

शुक्रवार आला की त्या पत्र्याच्या वस्तीत दुपारपासूनच तळणीचा वास सुटायचा. बायका दार सताड उघडं ठेवून कढईत पातळ पोळ्या सोडायच्या. दार उघडं ठेवायचं, कारण वास बाहेर गेला पाहिजे. गेलेल्यांना अन्न पोचत नाही, वास पोचतो. ताश-साय गावावर डोंगर उतरला त्याला आता वर्ष होत आलं होतं. 'डोंगर उतरला' असंच सगळे म्हणायचे, जसा काही तो पाहुणा म्हणून आला होता. बर्फ वितळलं, माती फुगली आणि एका सकाळी अख्खा उतार गावावर येऊन बसला. जे वाचले त्यांना खाली माळावर पत्र्याची चौकोनी घरं मिळाली. लोक त्यांना डबेच म्हणायचे. "संध्याकाळी आमच्या डब्यात चहाला या," असं बोलावणं करायचे आणि स्वतःच हसायचे. दुसरं काय करणार?

उमसुनायच्या डब्यात मात्र शुक्रवारीसुद्धा कढई चढत नव्हती.

"केलिन, निदान एक पोळी," सासू सुनेला म्हणायची. सासूचं नाव काल्बूबू. गुडघे गेलेले, जीभ शाबूत. "एका पोळीने काय तेलाची बाटली आटते?"

"कोणासाठी, एने?"

"तुला ठाऊक आहे कोणासाठी."

"ती ट्रकमध्ये बसून गेली आहे. जिवंत पोरीच्या नावाने तळतात का कुणी?"

मग म्हातारी डोक्यावरचा पांढरा रुमाल नीट करायची, काठी घ्यायची. "चाललेय शेजारी सायकालकडे. तिच्याकडे निदान माणसासारखं बोलता येतं," असं पुटपुटत बाहेर पडायची.

ट्रकचं असं होतं. त्या सकाळी उमसुनायची पोर तुमार दुधाची किटली घेऊन खालच्या रस्त्यावर गेली होती. दूध गोळा करणारा ट्रक तिथे यायचा. डोंगर उतरायच्या थोडंच आधी तो ट्रक खाली शहराकडे निघून गेला, हे वाचलेल्यांपैकी दोघातिघांनी पाहिलं होतं. ड्रायव्हर नवा होता, परत कधी आला नाही, कुठला होता कुणाला माहीत नाही. तुमारला गाडीत बसायची भारी हौस. बसली असेल चढून. गेली असेल शहरात, हरवली असेल, कुणीतरी घरी ठेवून घेतलं असेल. किटली सापडली नाही, पोर सापडली नाही. न सापडलेल्याला मेलेलं म्हणायचं नाही, एवढं उमसुनायचं सरळ होतं. नवरा रशियातून बांधकामावरची मजुरी सोडून आला होता, नखं तुटेपर्यंत माती उकरत होता, आणि शेवटी परत गेला. त्यालाही तिने हेच सांगितलं होतं.

२

उमसुनाय गावच्या शाळेत भाषा शिकवायची. आता शाळा नव्हती आणि पोरंही फारशी नव्हती. आता ती विलाप लिहायची.

माणूस गेलं की घरच्या बाईने त्याचा विलाप गायचा असतो. लोकरीच्या नमद्याच्या तंबूत, भिंतीकडे तोंड करून, कमरेवर हात ठेवून. दारातून कोण येतं, कोण जातं ते बघायचं नाही. मागे वळायचं नाही. आपल्या माणसाचं चालणं-बोलणं, त्याचं कौतुक, त्याच्या खोड्या, सगळं गाऊन सांगायचं. पण सगळ्यांनाच कुठे जमतं? दुःख छातीवर बसलेलं असताना शब्द सुचत नाहीत हो. ताश-सायचं वर्षाचं जेवण सगळ्या गावाचं मिळून एकाच दिवशी व्हायचं होतं, आणि त्या दिवशी प्रत्येक बाईला गावं लागणार होतं. मग बायका हिवाळाभर उमसुनायकडे येत राहिल्या. येताना दही आणायच्या, कुरुत म्हणजे दह्याच्या वाळवलेल्या गोळ्या आणायच्या. बसून आपल्या माणसाबद्दल सांगायच्या, सांगता सांगता रडायच्या. त्या गेल्या की उमसुनाय लिहायला बसायची.

तिला लिहितानाही भिंतीकडे तोंड लागायचं. खिडकीखाली एक बुटकं मेज होतं, त्यापुढे ती बसायची. डावा हात कमरेवर, उजव्या हातात पेन, तोंडाने गुणगुणणं. दार पाठीमागे.

आणि पाठीमागे कुणीतरी यायचं.

आधी तिला वाटलं सासू आली. "एने, चहा किटलीत आहे," ती न वळता म्हणाली. वळून पाहिलं तर खोली रिकामी. दार लावलेलं. तिने स्वतःची समजूत घातली. पत्र्याचं घर ते, ऊन उतरलं की पत्रा आखडतो, तडतडतो. खालची प्लायवूडची फळी ओलसर असते, आपोआप उचलते. शाळेत पोरांना हेच शिकवलं होतं तिने, थंडीने वस्तू आकसतात.

पण पत्रा एका जागी वाजतो. हा आवाज दारापासून निघायचा आणि मेजाच्या मागे येऊन थांबायचा. अनवाणी पावलांचा, आणि ओल्या. पाय फळीवरून उचलताना जसा चिकटून सुटतो, तसा.

ती लिहिणं थांबवायची नाही. थांबवलं की तोही थांबायचा, आणि मग तिला फार एकटं वाटायचं.

३

वर्षाचं जेवण तोंडावर आलं तेव्हा शेजारची सायकाल एका दुपारी तिच्याकडे आली. हातात तिच्या पोराच्या विलापाचा कागद होता. घड्या घालून घालून मऊ झालेला. तिचा एर्मेक सोळा वर्षांचा होता. उंच, दांडगा, घोडे चारायला न्यायचा.

"एजे, ताई माझी, रागवू नका," ती म्हणाली. "एक विचारायचं होतं. वेड लागलंय मला असं म्हणाल."

"बस आधी. बोल."

"एर्मेक स्वप्नात येतो. आता दर रात्री येतो. दारात बसून राहतो. मी म्हणते, आत ये रे. तर म्हणतो, आई, हे बूट काढ ना, फार चावतात. मी खाली बघते तर..." सायकालने तोंडावर हात घेतला. "एजे, त्याच्या एवढ्या मोठ्या पायांत पोरीचे बूट आहेत. लाल. रबराचे. टाचा बाहेर आल्यात, रक्त येतंय."

उमसुनायने चहाची वाटी तिच्यापुढे सरकवली.

"माझ्या पोराकडे लाल बूट कधी नव्हते. मग आज हा कागद पुन्हा नीट वाचला. तुम्ही पहिल्यांदा वाचून दाखवलात तेव्हा मी रडतच होते, ऐकलं कुठे धड!"

तिने कागद पुढे केला. उमसुनायच्याच अक्षरात तिथे होतं:

लाल बूट उंबऱ्याशी, आत पडेना पाऊल,
कुठल्या वळणाला अडली माझ्या राजाची चाहूल?

"चुकलंच गं," उमसुनाय म्हणाली. "घाईत लिहिलं गेलं असेल. दे, खोडते."

"कोणाचे आहेत एजे ते?"

"कोणाचे म्हणजे?"

"बूट. पुढे ठिगळ लावलेलं आहे, एका बुटाला. मला स्वप्नात दिसतं ते. कोणाचे, ते तुम्हाला माहीत असणार."

उमसुनायने तोंड उघडलं. तुमारचे, असं म्हणायचं होतं. त्या दिवशी ती तेच घालून गेली असणार. पण 'तुमारचे' म्हणताना बूट डोळ्यांपुढे यायला हवे होते, आणि ते आले नाहीत. ठिगळ कोणत्या रंगाचं होतं? ते तिने स्वतःच चिकटवलं होतं की नवऱ्याने? बूट कुठून घेतले होते? काहीच नाही. लाल बूट होते हेसुद्धा तिला आत्ता कागदावर वाचूनच कळलं होतं.

तिने घाईघाईने ती ओळ खोडली आणि सायकालला दुसरी ओळ लिहून दिली, घोड्याच्या घामाच्या वासाची. सायकाल तिचा मुका घेऊन गेली.

४

मग तिने बाकीचे कागद मागून आणायला सुरुवात केली. चुका राहिल्यात, तपासते, असं सगळ्यांना सांगितलं. बायकांनी दिले. घरी येऊन ती एकेक वाचू लागली.

एका नव्वदीच्या म्हातारीच्या विलापात दोरीवरच्या उड्या होत्या. पाळण्यातल्या बाळाच्या विलापात, ते झोपताना आईच्या वेणीचं टोक मुठीत धरायचं, असं होतं. त्या बाळाच्या आईला तर वेणीच नव्हती, कापलेले केस होते तिचे. कुणाच्या आत्याला कुत्र्याच्या पिल्लाची भीती वाटत होती. सगळीकडे तुमार. हिवाळाभर आपण पोरीचा विलाप लिहिला नाही, लिहिणार नाही म्हटलं, आणि हात मात्र तिला तुकड्यातुकड्याने वाटत सुटला होता. आणि जे जे वाटलं ते ते तिच्या स्वतःच्या आठवणीतून पुसलं गेलं होतं. वेणीचं टोक धरलेली मूठ तिला आता आठवत नव्हती. ती फक्त वाचत होती.

राहिला होता दुइशोनचा कागद. दुइशोन साठीचा, शाळेच्या गोठ्यासारख्या स्वयंपाकघरात त्याची बायको रांधायची. तिचा विलाप सून गाणार होती, पण कागद त्याच्याच खिशात असायचा. तो कागद द्यायला तयार होईना.

"चुका कसल्या? झकास आहे," तो दारातच उभा राहून म्हणाला.

"दुइशोन आके, वाचून तरी दाखवा."

त्याने नाइलाजाने वाचलं. पडलेल्या दातांच्या फटीतून ती शीळ घालायची, दूध पिताना, वाटीतच.

"आके, तुमच्या बायकोचे दात पडले होते?"

"छे! पुढचे सगळे सोन्याचे होते. लग्नातच करून आली होती. मिरवायची की."

"मग ही शीळ?"

दुइशोनने मान खाली घातली. बराच वेळ त्याने बुटाने जमीन उकरली. "पोरी, खरं सांगू? माझी बायको शीळ घालायची नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पण तू लिहिलंस त्याच्या दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी माझ्या डब्याच्या मागे शीळ ऐकू येते. बारीक. मी जाऊन बसतो तिथे. कोण आहे म्हणून नाही बघत. कुणीतरी आहे, एवढं पुरतं मला. राहू दे ना."

"नाही ठेवता येत, आके."

"तुझं काय जातं त्यात?"

"ती माझी आहे," उमसुनाय म्हणाली. तिचा आवाज एवढा चढला की पलीकडच्या डब्यातली बाई डोकावली. "माझी आहे ती! द्या मला परत!"

म्हातारा तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याला कळलं. त्याने कागद तिच्या हातात ठेवला आणि डोळे पुसले.

"ती काय करायची, खरं सांगा," उमसुनाय जरा वेळाने म्हणाली. "मी ते लिहिते."

"शिव्या द्यायची," दुइशोन म्हणाला. "गाईला. पहाटे धार काढताना अशा एकेक शिव्या घालायची की मी अंथरुणात हसून लोळायचो. विलापात चालतात का शिव्या?"

"चालतात."

"मग लिही," तो म्हणाला, आणि गालातल्या गालात हसत एकेक शिवी सांगू लागला.

५

जसजशा ओळी परत आल्या तसतसं पाठीमागचं बदलत गेलं.

शीळ परत आली त्या दुपारी मेजाच्या मागे कुणीतरी श्वास घेत होतं, आणि त्या श्वासाला बारीक शीळ होती. दोरीवरच्या उड्या परत आल्या तेव्हा फळी दोनदा धपधपली. आणि मग एके दिवशी पावलं अनवाणी राहिली नाहीत. रबराचे बूट ओल्या फळीवर चपचप वाजत आले, मेजाच्या मागे थांबले. उमसुनायला एकदम आठवलं. ठिगळ पिवळं होतं! सायकलच्या पंक्चरच्या पेटीतलं. दोघी मायलेकींनी मिळून चिकटवलं होतं, आणि सोल्युशनच्या वासाने दोघींनाही शिंका आल्या होत्या.

तिने पेन खाली टाकलं आणि वळली. कुणी नव्हतं. फळी मात्र ओली होती.

काय आनंद झाला तिला! लोक म्हणतील बाई बिथरली, म्हणू देत. पोर येतेय. थोडी थोडी करून येतेय. ट्रकने गेली होती, आता परत येतेय. वळून बघायचं नाही, एवढंच पथ्य, ते तर तिला लहानपणापासून माहीत होतं. सगळं तिच्यापाशी परत जमा झालं की एक दिवस दार उघडून ती सरळ आत येईल, किटली हातात घेऊन.

त्या संध्याकाळी तिने मेजावर तीन वाट्या मांडल्या. सासूने वाट्यांकडे पाहिलं.

"ही कोणाची?"

"येईल ती, एने."

एरवी म्हातारीने दहा शब्द ऐकवले असते. त्या दिवशी आपल्या वाटीतला चहा तिने तसाच ठेवला, आणि सगळा वेळ उमसुनायच्या खांद्यावरून मागे कुठेतरी बघत राहिली.

"केलिन," शेवटी ती म्हणाली, "मी दर शुक्रवारी सायकालकडे कशाला जाते असं वाटतं तुला? गप्पा मारायला? तिच्या कढईत मी तुमारसाठी तळते. पहिल्या शुक्रवारपासून. माझीही नात आहे ती."

"कशाला तळलंत!" उमसुनाय किंचाळली. "कशाला? ती येतेय, आणि तुम्ही तिला मारताय!"

म्हातारी उठली, काठी घेतली आणि बाहेर जाऊन पायरीवर बसली. थंडी पडली तरी तिथेच बसून राहिली.

६

जेवणाच्या आदल्या दिवशी माळावर तंबू उभा राहिला. पुरुष घोडं कापायच्या तयारीला लागले, बायका चुली मांडत होत्या. उमसुनायने सगळ्यांचे कागद दुरुस्त करून परत दिले होते. मेजावर आता फक्त परत घेतलेल्या ओळी उरल्या होत्या, एका कोऱ्या कागदावर उतरवलेल्या. विलाप नव्हता तो. तिने स्वतःला बजावलं होतं. पोर हरवू नये म्हणून काढून ठेवलेलं टिपण, बस.

दिवस कलला. तिने दिवा लावला. बूट वाजत आले आणि मागे थांबले. शीळ वाजवत श्वास चालला होता. ओल्या मातीचा वास आला, नुकत्या उकरलेल्या.

"तुमार," ती पहिल्यांदाच बोलली. "बाळे, तू त्या ट्रकमध्ये बसलीस ना?"

श्वास जवळ आला. मानेला गार लागलं.

"बसलीस ना गं? हो म्हण. नुसतं हो म्हण."

बाहेर अंधारून आलं होतं, आणि मेजावरच्या खिडकीच्या काचेत आता माळाऐवजी खोली दिसायला लागली होती. उमसुनायने मुद्दाम पाहिलं नाही. डोळे वर गेले, एवढंच. काचेत तिचं स्वतःचं डोकं होतं, दिवा होता, आणि खांद्यामागे एक लहान मूल उभं होतं. लाल बूट, एकावर पिवळं ठिगळ. ओला झगा. एका मुठीत काही नव्हतं, पण ती वेणी धरल्यासारखी मिटलेली.

चेहऱ्याच्या जागी चिखल होता. हाताने सारवल्यासारखा सपाट. तोंड नाही, डोळे नाहीत. जिथे तोंड असायला हवं तिथून शीळ येत होती.

तिने डोळे मिटले. आणि मिटल्या डोळ्यांनी पोरीचा चेहरा आठवायला गेली, तर तिथेही तोच चिखल. चेहरा तिने कोणाला दिला नव्हता. वर्षभर तो मनात आला की ती मान झटकायची, भांडी घासायला घ्यायची, कुणाचा तरी विलाप लिहायला घ्यायची. फोटो सगळे मातीखाली. इतकी जपली होती तिने आपली आशा, की त्या आशेला एक चेहरा असतो हेच ती विसरून गेली होती.

मूल हललं नाही. वाट बघत होतं. वर्षभर असंच उभं होतं ते, आईने आपल्याकडे बघावं म्हणून, आणि आई ट्रककडे बघत बसली होती.

उमसुनायने डावा हात कमरेवर ठेवला. मग तिने आवाज लावला.

७

किटली घेऊन निघालीस, 'आलेच' म्हणालीस दारात,
डोंगर उतरला, बाळे, तुझ्या-माझ्या अंतरात.

एकदा तोंडातून निघालं आणि मग थांबेना. बूट गायले, ठिगळ गायलं, शिंका गायल्या. दूध, शीळ, दोरी, कुत्र्याचं पिल्लू. गाता गाता ती लिहीत होती, डोळ्यांतलं पाणी कागदावर पडून शाई पसरत होती. आणि मग चेहऱ्यापाशी येऊन ती अडली. शब्द नव्हते. मागचा श्वासही थांबला.

दार उघडलं. काठी टेकत सासू आत आली. दोन पावलं आली आणि थबकली. उमसुनायने वळून बघितलं नाही.

"सरक बाळ," म्हातारी हळूच म्हणाली. "म्हातारीला बसायला जागा दे."

फळीवर बूट वाजले. एकच पाऊल, बाजूला.

काल्बूबू गुडघे धरत उमसुनायच्या शेजारी बसली, भिंतीकडे तोंड केलं, कमरेवर हात ठेवला, आणि आपल्या चिरक्या, बसलेल्या आवाजात पुढची ओळ उचलली:

डाव्या भुवईत भोवरा, उजवा गाल जरा गोल,
हनुवटीला खळी अशी, बोट बुडेल इतकी खोल.

भोवरा! त्या भुवईतले केस कधीच बसायचे नाहीत, शाळेत जाताना थुंकी लावून बसवायला लागायचे. उमसुनायच्या मिटल्या डोळ्यांपुढचा चिखल एका कोपऱ्यातून निघाला, मग दुसऱ्यातून. डोळे आले, बारीक, हसताना मिटून जाणारे. नाकाचा शेंडा आला, थंडीने लाल. ती ओरडून ओरडून गाऊ लागली, सासू एक ओळ, ती एक ओळ, दोघी एकमेकींना टेकलेल्या. एवढा आवाज झाला की माळावर चुली मांडणाऱ्या बायका हातातलं काम सोडून गप्प उभ्या राहिल्या.

विलापाची शेवटची ओळ निरोपाची असते. लेकराची असेल तर ती आईनेच म्हणायची. म्हातारी थांबली. उमसुनायला ती ओळ कधीपासून माहीत होती, तिलाच म्हणायची नव्हती.

मागे वळून बघू नकोस, माझी हाक आली तरी,
आईचं काय, वेडी असते, हाक मारेल जन्मभरी.

मानेवर काहीतरी टेकलं. लहान, गार कपाळ असावं. क्षणभर टेकलं आणि उचललं गेलं. बूट वळले. चपचप करत दारापर्यंत गेले, पायरी उतरले, आणि मग गवतावर त्यांचा आवाज आला नाही.

उमसुनाय रडत होती. वर्षभरात पहिल्यांदा पोटभर, हुंदके देऊन रडत होती. छातीवरचं ओझं गेलं नव्हतं, पण आता त्याला नाव होतं, चेहरा होता. ते उचलता येईल असं तिला वाटलं.

"गेली?" शेवटी तिने विचारलं.

"ती गेली."

म्हातारीने 'ती' हा शब्द जरा जड उच्चारला. "एने, तुम्ही एवढा वेळ दारातच का थबकलात मघाशी?"

"आत यायला वाट मिळेना गं." काल्बूबूने रुमालाच्या टोकाने नाक पुसलं. ती अजून भिंतीकडेच बघत होती. "वरच्या आळीतलं एकही घर उरलं नाही ना आपल्या गावात. आई नाही, बहीण नाही, सून नाही. त्यांचा विलाप गायला मागे कोण राहिलंय? पायरीपासून पार रस्त्यापर्यंत उभे आहेत, केलिन. चिखलाने माखलेले. तुझं ऐकत होते."

दार उघडंच होतं. मागून ओल्या मातीचा वास येत होता, मघापेक्षा कितीतरी जास्त. फळी करकरली, एकाच वेळी खूप पाय ठेवल्यासारखी.

उमसुनायचे हात गार पडले होते. तिने ते एकमेकांवर चोळले. दिव्याची वात थोडी वर केली. मग एक कोरा कागद पुढे ओढला आणि मागे न वळता म्हणाली,

"एकेकाने या. घाई करू नका, सगळ्यांचं लिहीन. आधी नाव सांगा."